सोलापुरी चादर ऑनलाइन : कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं ऑनलाइन काम आजपासून माझ्याकडे. माल म्हणजे सिंगल आणि डबल जेकार्ड (विणतानाच नक्षी उठवलेल्या) चादरी, शिवाय टर्किश टॉवेल. दोन मोठ्या ऑनलाइन बाजारांत खाती आहेत. लिस्टिंग (मालाचं ऑनलाइन पान) गेल्या वर्षी एका एजन्सीने करून दिलं होतं, त्यानंतर कोणी ते उघडून पाहिलेलं दिसत नाही. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची तक्रार थोडक्यात : "माल एक नंबर हाय. कोण बघंनाच तर घेतील कसं? रेट पाडू का अजून?"

रेटला एवढ्यात हात लावू नका म्हटलं. आधी तीन महिन्यांचे रिपोर्ट उतरवून घेतले आणि प्रत्येक मालासमोर चार रकाने आखले : किती जणांच्या स्क्रीनवर आला, किती जणांनी उघडला, किती जणांनी कार्टमध्ये टाकला, किती जणांनी पैसे भरले.

सिंगल चादर स्क्रीनवरच येत नाही. डबल चादर येते, पण तिच्यावर कोणी बोट ठेवत नाही. टॉवेल लोक उघडतात, खालपर्यंत वाचतात आणि निघून जातात. अण्णांच्या लेखी तिन्हींना एकच आजार, "खप नाही". मला तीन वेगळे आजार दिसतायत, आणि रेट पाडणं हे यातल्या पहिल्याचं तरी औषध नाही. न दिसणारी वस्तू साठ रुपये स्वस्त केली तरी ती न दिसणारीच राहते.

७ ऑगस्ट

सिंगल चादर आधी घेतली. 'बेडशीट' या वर्गात टाकलेली निघाली. सोलापूरची चादर आपण पांघरतो, म्हणजे बाजाराच्या हिशेबात ते सुती ब्लँकेट झालं. बेडशीटच्या गर्दीत तिची गाठ पडते छापील पॉलिस्टर चादरीच्या सेटशी, दोन उशांच्या अभ्र्यांसकट, तीनशे रुपयांत. खाली एका गिऱ्हाइकाचा प्रश्नही पडून आहे, "सोबत अभ्रे मिळतील का?" उत्तर कोणी दिलेलं नाही.

याहून मोठी गोम आत सापडली. लिस्टिंग भरताना जे पन्नासेक रकाने येतात त्यातले ज्यांच्यावर तांबडी खूण असते तेवढेच भरलेत. रंग रिकामा. कापड रिकामं. 'सिंगल की डबल' रिकामं. वजन रिकामं. आता मोबाइलवर चादर शोधणारा माणूस काय करतो? 'कॉटन ब्लँकेट' टाइप करतो, मग फिल्टरमध्ये जाऊन 'सिंगल' आणि 'निळा' निवडतो. ज्या मालाचा रंगाचा रकाना कोरा, तो निळ्यात येत नाही, हिरव्यात येत नाही, कुठेच येत नाही. चादर कितीही निळी असो, यंत्राला फोटोपेक्षा रकाना जास्त कळतो.

वर्ग बदलायची विनंती टाकली. वहिनी (अण्णांच्या सूनबाई, पॅकिंग त्या बघतात) आणि मी टेप घेऊन बसलो. कागदावर ६० बाय ९० इंच लिहिलेली चादर मोजली तर झालरीसकट भरते, झालर सोडून दीड इंच कमी. झालर सोडून जे माप येतं तेच लिहिलं. वजन काट्यावर घेतलं, १ किलो ३०० ग्रॅम.

११ ऑगस्ट

आज नावं. एजन्सीने ठेवलेल्या नावात 'प्रीमियम', 'लक्झरी', 'रॉयल', 'एक्सक्लुसिव्ह' असं सगळं वऱ्हाड आहे, पण 'सोलापुरी' सहाव्या शब्दावर आणि 'कॉटन' कुठेच नाही. मोबाइलवर नावाची पहिली ओळ-दीड ओळ दिसते, पुढचं कापलं जातं. 'रॉयल' शोधून चादर घेणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

नवं नाव : आधी सोलापुरी चादर, मग सुती ब्लँकेट, सिंगल, माप, रंग. संपलं.

गिऱ्हाइकाला न दिसणारा शोधशब्दांचा रकाना वेगळा असतो. त्याची मर्यादा अक्षरांत नसते, बाइटमध्ये असते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळी धरून. 'चादर' लिहायला बारा बाइट जातात, हेच रोमनमध्ये सहा. म्हणून देवनागरीत दोनच शब्द ठेवले आणि उरलेली जागा रोमन स्पेलिंगांना दिली : एक 'डी'वाली चादर, दोन 'डी'वाली, शेवटी 'ई-आर'वाली. लोक कसंही लिहितात. नावात आलेला शब्द इथे पुन्हा लिहून उपयोग नसतो, ती जागा फुकट जाते. एजन्सीने 'सोलापुरी' इथे चार वेळा घातलं होतं.

१४ ऑगस्ट

डबल चादर. लोकांपुढे येते पण उघडली जात नाही, म्हणजे पहिला फोटो, किंमत आणि तारे या तिघांपैकी कुणीतरी अडवतंय. शोधाच्या पानावर एवढंच दिसतं.

फोटो मोबाइलवर अंगठ्याएवढा करून अण्णांना दाखवला आणि विचारलं, काय आहे सांगा. "साबणाची वडी?" म्हणाले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली चादर, वर ट्यूबलाइटची चमक.

मुख्य फोटोला नियम आहेत : पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, चौकटीचा निदान ८५ टक्के भाग मालाने भरलेला, झूम व्हावं म्हणून लांब बाजू हजार पिक्सेलच्या वर. स्टुडिओ लागला नाही. सकाळी नऊच्या सुमाराला वार्पिंग (ताण्याचं सूत गुंडाळायच्या) खात्याच्या उत्तरेकडच्या खिडकीशी पांढरं कापड लावून काम झालं. जेकार्ड चादरीची गंमत तिच्या दोन बाजूंत आहे, पुढे निळ्यावर पांढरी नक्षी असेल तर मागे पांढऱ्यावर निळी. ती एकाही फोटोत नव्हती. घडी घालून एक कोपरा उलटा पाडला आणि दोन्ही बाजू एका फोटोत घेतल्या. दुसरा फोटो कॉटवर एक जण पांघरून झोपलाय असा (आमचा फिटर, पाय बाहेर येत नाहीत हे दिसायला पाहिजे होतं). तिसरा काट्यावरचा.

वहिनींनी कडेचा एक धागा ओढून काडी लावून दाखवला. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून काळा मणी होतो. हे लिस्टिंगमध्ये टाकणार नाही, पण "प्युअर कॉटन आहे का" असं विचारणाऱ्याला उत्तर म्हणून लिहून ठेवलं. घरी करून बघता येईल असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येत नाही.

२० ऑगस्ट

पैशांचे रिपोर्ट. आजचा दिवस यातच गेला आणि सार्थकी लागला.

सिंगल चादरीवर कुरिअरचा आकार तीन किलोचा लागतोय. चादर १३०० ग्रॅमची! कारण कुरिअरवाले दोन वजनं काढतात : काट्यावरचं, आणि आकारमानाचं, म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. जे जास्त ते धरतात. एजन्सीने सुचवलेला खोका ४० बाय ३० बाय १२. गुणाकार १४,४००, भागून २.८८ किलो, म्हणजे तीनच्या टप्प्यात. अण्णा वर्षभर हवेचं भाडं भरतायत.

वहिनींनी घडी बदलली, उभ्या तीन पदरांची. गुडघ्याने दाबून हवा काढायची आणि जाड कुरिअर बॅगेत सरकवायची. ३५ बाय २८ बाय ७. गुणाकार ६,८६०, म्हणजे १.३७ किलो. बॅगेसकट काट्यावरही तेवढंच भरतं, दीडच्या टप्प्यात बसलं. चादर काही काचेची नाही, खोका हवा कशाला होता देव जाणे.

लिस्टिंगमधली पार्सलची मापंही बदलायला हवीत, नाहीतर बॅग लहान होऊनही जुनाच आकार लागत राहील. बदलली.

अण्णांच्या वहीत 'कंपनीने कापले' या सदरात सगळं एकत्र लिहिलंय. त्यातला टीसीएस, म्हणजे बाजाराने जीएसटीपोटी आधीच कापलेला कर (१० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का), अण्णांच्याच जीएसटी खात्यात (कॅश लेजरमध्ये) जमा होतो, आणि टीडीएस, म्हणजे आगाऊ कापलेला प्राप्तिकर (१ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का), विवरणपत्र भरताना वळता होतो. दोन्ही आपलेच पैसे, ते खर्च धरून त्यांनी किंमत वर ठेवली होती. सीएकडे कागद पाठवले.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. पिकअप नाही, ऑर्डर नाही, कोणाचं लक्ष नाही. आकडे बघायचे नाहीत असं ठरवलं.

२ सप्टेंबर

वर्ग बदलून मिळाला. रकाने भरल्याचा फरक स्वच्छ दिसतोय, सिंगल चादर कितीतरी पटींनी जास्त स्क्रीनवर येते. ऑर्डरी मात्र तुरळक.

पान उघडून बघितलं तर आमच्या डाव्या-उजव्या हाताला 'सोलापुरी चादर' नावाने अडीचशे-तीनशेची माळ लागलीय. वर्णनात बारीक अक्षरात 'पॉली कॉटन' किंवा नुसतं 'मायक्रो', म्हणजे सूत कमी किंवा अजिबात नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून वीसेक वर्षं होत आली, महाराष्ट्रात ते सगळ्यांत आधी मिळवणाऱ्यांत ती आहे. पण मानांकन नावाला मिळालं की प्रत्येक विणकराला आपोआप मिळत नाही. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नाव घालावं लागतं, तेव्हा ते चिन्ह लावता येतं आणि दुसऱ्याच्या खोट्या लिस्टिंगवर तक्रार करताना हातात कागद असतो. अण्णांनी ते केलेलं नाही. "आमच्या वडिलांपासून विणायलोय, कागद कशाला?" अर्ज काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

तोवर अडीचशेशी भांडायचं नाही. तो गिऱ्हाईक आपला नाही. वर्णनात पहिल्याच ओळीत सुताचं, वजनाचं आणि विणीचं लिहिलं, म्हणजे वजन बघून घेणारा थांबेल.

५ सप्टेंबर

शेजारच्या गाळ्यातल्या मावशी शेंगा चटणी ऑनलाइन विकतात. त्यांची तक्रार, "पुण्यातली बहीण बघते तर दिसते, हैदराबादचा भाचा बघतो तर दिसत नाही." यात कसलंही गौडबंगाल नाही. त्यांची जीएसटी नोंदणी नाही, उलाढाल मर्यादेच्या खूप आत आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा छोट्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय, नुसत्या नावनोंदणी क्रमांकावर ऑनलाइन विकता येतं, पण आपल्याच राज्यात. सीमेपलीकडच्या पिनकोडला ती चटणी दिसणारच नाही. हैदराबाद-बेंगळुरूला आपली माणसं भरपूर आहेत, तिकडचा बाजार हवा असेल तर नियमित नोंदणी आणि विवरणपत्रांचा कागदी व्याप. मावशींनी हिशेब मांडला आणि महाराष्ट्र पुरे म्हणाल्या. मलाही पटलं.

९ सप्टेंबर

टॉवेल. क्लिक येतात, विक्री नाही, म्हणजे आत आल्यावर काहीतरी खटकतंय. रिव्ह्यू मोजके, त्यातला सर्वांत वरचा एका ताऱ्याचा : 'पहिल्याच धुण्यात बनियन गुलाबी झाले, फोटो जोडला आहे.' फोटो खरंच गुलाबी बनियनचा. पहिल्या स्क्रीनवर हे असताना कोण घेईल?

रिटर्नची कारणंही वाचली. 'अपेक्षेपेक्षा लहान' हे निम्म्याहून जास्त वेळा. टॉवेल ३० बाय ६० इंच, तसं लिहिलंयही, पण फोटोत एजन्सीने तो एका मुलीच्या खांद्यावर असा टाकलाय की बाथशीट, अंगभर गुंडाळायचा मोठा टॉवेल, वाटावी. तो फोटो काढला.

रंगाचं अण्णांशी बोलणं झालं. गडद मरून सुरुवातीच्या धुण्यांत थोडा सुटतो हे त्यांना ठाऊक आहे, दुकानात ते तोंडी सांगतातही. ऑनलाइन कोणी सांगितलं नाही. आता वर्णनात आणि आत घालायच्या चिठ्ठीत : पहिल्या दोन-तीन वेळा वेगळा भिजवा, थंड पाणी. त्या रिव्ह्यूला जाहीर उत्तर दिलं, वाद न घालता. मरूनचं डाईंग बदलता येतं का ते अण्णा बघणार.

दुपारी व्हॉट्सॲपवर एकाचा मेसेज, पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू घाऊक भावात. अण्णांना मोह झाला, "सगळे करायलेत की." नको म्हणालो. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक आणलं, आयएस १९०००, त्यात विकत घेतलेले रिव्ह्यू चालत नाहीत. बाजारवाले पकडतात तेव्हा खातंच गोठवतात. भाचे-पुतणे पण नकोत, पत्ता जुळला तरी धरतात. रिव्ह्यूबद्दल चिठ्ठीत एवढंच छापलं : 'वापरून बघा, जसं वाटलं तसं लिहा.' सवलतीचं आमिष नाही.

१७ सप्टेंबर

२२ तारखेपासून जीएसटीचे नवे दर. आमच्या कामाचा भाग एवढाच : नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कापडी मालाला ५ टक्के. सिंगल चादर आणि टॉवेल आधीही पाचातच होते. डबल चादर करापूर्वी हजाराच्या वर जात असल्याने १२ टक्क्यांत होती.

डबलची विक्रीची किंमत १,१५०. त्यातला १२ टक्के कर काढला तर अण्णांच्या हातात १,०२७च्या आसपास. तेवढेच ठेवून ५ टक्के लावले तर १,०७८. पण लोक फिल्टर लावतात '५०० ते १,०००'चा, तिथे १,०७८ही दिसत नाही. ९९९ ठेवलं तर हातात ९५१ येतात, म्हणजे नगामागे पंचाहत्तर रुपये सोडावे लागतात. डबलचा खोका काढून बॅग केल्यावर कुरिअरमध्ये जे वाचतंय ते याहून थोडं जास्त आहे. म्हणून ९९९. अण्णा खूश, शेवटी रेट पाडलाच. मी पण खूश, कारण पाडलेला पैसा कुठून आला ते वहीत लिहिलेलं आहे.

२५ सप्टेंबर

नवरात्रासोबत बाजारांचे मोठे सेल लागले आणि इकडे सीना नदीला पूर. पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली, कुरिअरची गाडी आली नाही. कामगारांतले दोघे माढ्याकडचे, घरात पाणी शिरलंय, त्यांना अण्णांनी पैसे देऊन परवाच पाठवलं.

ऑर्डरी तयार पडल्यात. उशिरा गेलेल्या पार्सलांची टक्केवारी खात्याच्या नावावर चढते आणि ती वाढली की माल खाली ढकलला जातो, सेलमध्ये तर हमखास. पूर आला हे त्या आकड्याला कळत नाही. म्हणून माल रवाना करायची मुदत एका दिवसावरून तीन दिवसांवर नेली. गिऱ्हाइकाला पोहोचण्याची तारीख लांबची दिसेल आणि ऐन सेलमध्ये ऑर्डर कमी येतील, येऊ देत. सपोर्टला बातमीचं कात्रण जोडून कळवलं. अडकलेल्या गिऱ्हाइकांना वहिनींनी स्वतः मेसेज पाठवले. बहुतेकांनी थांबतो म्हटलं, काहींनी रद्द केलं.

९ ऑक्टोबर

जाहिराती. ऑगस्टपासून अण्णा विचारतायत, आतापर्यंत थांबवलं होतं. जाहिरात माणूस दारात आणून सोडते, पुढचं लिस्टिंगने करायचं. गुलाबी बनियनच्या फोटोवर पैसे देऊन माणसं आणण्यात अर्थ नव्हता.

सुरुवात फक्त सिंगल निळीवर, रोजची मर्यादा घालून, आपोआप शब्द निवडणाऱ्या प्रकारावर. आठवड्याचा शब्दांचा रिपोर्ट आज काढला. सर्वांत जास्त पैसे गेलेत 'डबल बेडशीट विथ पिलो कव्हर'वर, विक्री शून्य. जुन्या वर्गाचं भूत अजून उतरलेलं नाही. 'बेडशीट', 'पिलो', 'फिटेड', 'एसी कम्फर्टर' हे शब्द नकार यादीत टाकले. उलट 'उन्हाळ्यासाठी पातळ ब्लँकेट' अशा अर्थाच्या शोधातून ऑर्डरी आल्यात, ऑक्टोबरच्या उकाड्यात. ते शब्द नावाखालच्या मुद्द्यांत घेतले. जाहिरातीचा मला वाटणारा खरा उपयोग हा, लोक कोणत्या शब्दांनी शोधतात ते ती विकत सांगते.

२४ ऑक्टोबर

काल भाऊबीज झाली. सिंगल निळी सेलमध्येच संपली आणि दिवाळीमुळे माग बंद. स्टॉक शून्य झाला की लिस्टिंग शोधातून उतरतं, आणि माल परत भरला तरी जुन्या जागी लगेच चढत नाही. हिरवी आणि राखाडी पडून आहेत, पण प्रत्येक रंगाचं लिस्टिंग सुटं असल्याने निळी बघायला आलेल्याला राखाडी कळतच नाही. सगळे रंग एका पालक लिस्टिंगखाली बांधले. रिव्ह्यूही आता एकत्र दिसतील.

अण्णांना आणि माग बघणाऱ्या मास्तरांना दर सोमवारी शिल्लक नगांचा कागद देणार. निळीचं बीम (मागावर चढवायचा सुताचा रूळ) भरायचं कधी ते त्यावरून ठरेल. मास्तर आजवर घाऊक व्यापाऱ्याच्या फोनवर बीम लावायचे, ऑनलाइनचं कोणी विचारात धरत नव्हतं.

१२ नोव्हेंबर

थंडी पडली. सिंगल रोज जाते, पुणे-नाशिक सोडून बेंगळुरू आणि इंदूरकडूनही. यातलं किती आमच्या कामाचं आणि किती थंडीचं, हे वेगळं काढणं अवघड आहे, मेमध्ये कळेल. डबल उघडली जाते पण अजून रांगते, तिला रिव्ह्यू कमी आहेत, त्याला वेळ हाच उपाय. मरून टॉवेल नव्या डाईंगचा आला, वहिनींनी पांढऱ्या फडक्यासोबत भिजवून ठेवला होता, फडक्याला अगदी पुसट छटा आली. अजून विकायला लावलेला नाही. काळा टॉवेल बंदच केला.

अण्णांनी मानांकनाच्या अर्जावर सही केली. आधारची प्रत आणि कारखान्याचा जुना परवाना लागतोय, तो माळ्यावरच्या पेटीत असल्याचं म्हणतात. वहिनींकडे टेप आणि मोठ्या बॅगा संपत आल्यात, उद्या आणायच्या.